एकशे साठ

४ मार्च, बुधवार

रिपोर्ट आला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणू, एकशे साठ! इतकी वर्षं 'विषाणू सापडला नाही' असंच छापून यायचं. गोळी एकही चुकवलेली नाही. मधे तापाने आठवडाभर पडले होते, तेवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधीकधी थोडा वाढतो, आपोआप खाली येतो. औषध तेच. महिन्याने तुमचं परत तपासू, यजमानांचंही तेव्हाच करून टाकू." बोलायला काय जातंय.

घरी यांना सांगितलं. रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. मग — "गोळ्या घेतेस ना नीट?"

मला विचारतात! एचआयव्हीचं दोघांना एकदमच कळलं, गोळ्या एकदमच सुरू झाल्या. हे आपली गोळी डब्याबरोबर कामावर नेतात. मी कधी विचारलं?

७ मार्च, शनिवार

हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री. पाय भरून आलेत. घरात पाऊल टाकते तो हे पाण्याचा पेला घेऊन उभे. "घे माझ्यासमोर." घेतली. "तोंड उघड." उघडलं. पन्नाशीची बाई मी, आणि आ करून उभी. फार लाज वाटली.

१५ मार्च, रविवार

रोज तेच.

२२ मार्च, रविवार

आमच्या आजाराचं थोरल्या नणंदेला तेवढं माहीत आहे. यांनी तिला फोनवर सांगितलं — "हिचं लक्षच नसतं." अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायलाही त्राण लागतं. फोन माझ्या हातात आला तर वन्सं म्हणतात, "अगं, जिवाशी खेळू नकोस." बरं म्हटलं. नाही म्हणून कोण ऐकणार होतं?

आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. राहिली असेल का एखादी? गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. तरी झोप नाही.

१ एप्रिल, बुधवार

रक्त देऊन आलो. "माझं कशाला?" म्हणून हे दारातच अडून बसले होते. ओढतच नेलं.

९ एप्रिल, गुरुवार

माझं — विषाणू सापडला नाही.

यांचं — बेचाळीस हजार.

गोळ्या सोडून सहा महिने झाले म्हणे. कंटाळा आला होता. मी विचारलं, मग माझ्यावर एवढा पहारा कशाला?

"तू तरी जगावीस म्हणून."