मधलं रूप

निपाणी,
१४ नोव्हेंबर १९८६

चि. परशराम यास,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. व्याकरणाची प्रकृती मात्र तुझ्यामुळे नाजूक आहे.

तुमच्या रॉक बँडची नवी कॅसेट तुझ्या आईनं स्टँडसमोरच्या दुकानातून आणली. पहिल्या गाण्याचं पालुपद तू माझ्या संस्कृतच्या वर्गातून उचललंस, त्याबद्दल तक्रार नाही. 'पिता पितरौ पितरः' ही काही माझी खाजगी मालमत्ता नव्हे. पण 'पिता' म्हणून तुम्ही चौघे ओरडता, ढोल बडवता आणि थेट 'पितरः'वर उडी मारता. एक बाप, मग एकदम पुष्कळ बाप! मधले दोघे कुठे गेले? 'पितरौ' म्हणजे आईबाप. नेमके तेवढेच गाळलेस.

बंगळूरच्या पेपरात म्हणे छापून आलंय, ऐंशी हजार कॅसेटी खपल्या. आधीचे दोन अल्बम तुम्ही चौघांनी एकमेकांनाच विकले असावेत असा माझा समज होता, तो मागे घेतो. कोल्हापूर गाडीचा ड्रायव्हर कोगनोळी नाक्यापर्यंत तेच लावतो. तीस वर्षं छडी आपटून जे या गावाच्या तोंडी बसलं नाही, ते तुमच्या ढोलानं दोन महिन्यांत बसवलं.

शेजारची कोंडाबाईसुद्धा विड्या वळताना तेच म्हणते. मी म्हणालो, "कोंडाबाई, पोरानं मधलं रूप खाल्लंय." तिचा दोरा हातातच राहिला.

"न्हाय वो मास्तर, हाय की! ढोल थांबत्यात आन् परशा एकलाच म्हणतोय, हळू. 'पितरौ'. लई ग्वाड. मला तितंच रडू येतंय."

तुझी आई आतून ओरडून म्हणाली, "चार दिवस झालं, त्येच सांगाय लागलेय मी."

ते चार दिवसही मी ऐकले नव्हते.

टेप उचलून कानाला लावला. ढोल ऐकला, मग शांतता ऐकली, मग पुन्हा ढोल.

गेल्या शनिवारी बेळगावला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानाशी ऐकू येण्याची तपासणी करायचा एक लोखंडी काटा धरला. "ऐकू येतंय?" "स्पष्ट," मी म्हणालो. तो त्यांनी अजून वाजवलाच नव्हता. वर्गातली पोरं डॉक्टरांच्या आधीच शहाणी झालीत. नुसते ओठ हलवतात आणि मी 'शाबास' म्हणतो.

तू गिटार घेऊन निघालास तेव्हा मी दारात ओरडलो होतो, "या धडधडीनं बहिरा करशील मला!" ऋषींचे शाप समोरच्याला लागत. माझा पत्ता चुकून परत आला. गिटारचा दोष नाही. डॉक्टर म्हणतात, नस वाळत चाललीय.

तेव्हा तक्रार रद्द समज. द्विवचन तिथं आहे, सगळं गाव साक्षीला आहे. मला तुम्हा चौघांचा गलबला ऐकू येतो, तू एकटा ऐकू येत नाहीस.

येशील तेव्हा डाव्या बाजूला बस. तो कान अजून धरून आहे, पण तोही वर्षभरात जाईल म्हणतात. तुझा शेवटचा स्पष्ट ऐकलेला आवाज त्या दारातल्या भांडणातला आहे. तोच माझ्याजवळ राहून जाईल, याची मला भीती वाटते.

वाट पाहणारा,
तुझा आप्पा