रियाल चढेपर्यंत

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी तुमच्याशी एक भांडण मी चालूच ठेवलं होतं. परवा बारावीच्या वर्गात ते मी हरले, तेही पन्नास पोरांसमोर, म्हणून लिहायला बसले. स्थिर विनिमय दराचा धडा चालला होता. हा धडा मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. झोपेतसुद्धा शिकवेन, आणि काही पोरं तो झोपेतच ऐकतात. उदाहरणाला कोणती दोन चलनं घ्यायची असा प्रश्न आला आणि माझ्या तोंडून आपसूक ओमानचा रियाल आणि बहरीनचा दिनार निघाले. सांगोल्याकडची एक मुलगी उठली आणि तिनं दोघांच्या भावाचा जुना आलेख भिंतीवरच्या पडद्यावर लावला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, ह्यात बगायचं काय हाय? फूटपट्टी ठिवून रेघ मारल्यावानी हाय की." दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली, त्यामुळं त्यांच्यातला फरकही जागचा हलत नाही, हे मी तोंडानं सांगत होते, पण हातातला खडू खाली पडला होता आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं.

मी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आई भाकरी थापते आहे, तुम्ही टॉवेलच्या कारखान्यातून येऊन पाटावर बसला आहात, आणि आईचा थोरला भाऊ, आमचा मामा, मैंदर्गीहून माझ्यासाठी दोन स्थळं घेऊन आला आहे. एक मुलगा मस्कतला एसी दुरुस्त करतो, दुसरा बहरीनला एका गोदामावर आहे. कुठलाही निवडा, पण ह्या वर्षी पोरगी उजवायचीच, असं मामाचं फर्मान आहे. त्याचा शब्द मोडायची आपल्या घरात कुणाची छाती नव्हती. कारखान्याच्या एक्सपोर्ट खात्यात तुम्हाला चिकटवलं होतं तेही त्यानंच. तुम्ही शांतपणे भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "स्थळं दोनी झ्याक हायती. पर आज दिनार रियालपरीस वाईच वर हाय, आन् हापिसात म्हणत्यात रियाल चढनार. चढू द्या की, मग ठरवू."

मामाची मैंदर्गीच्या बाजारात तुरीची आडत होती. पोरीचं शिक्षण, पोरीची मर्जी असली कारणं त्यानं चुलीत घातली असती. पण भाव चढेपर्यंत माल थांबवायचा, यापलीकडं शहाणपण असतं असं त्याला वाटतच नव्हतं. तो मान डोलावून म्हणाला, "बराबर हाय दाजी. घाई केली की मार खातो मानूस."

त्यानंतर दर रविवारी तो यायचा. तुम्ही खिशातून हापिसातल्या भावाची चिठ्ठी काढून एखाद्या जाणत्या वैद्याच्या गंभीर चेहऱ्यानं वाचायचात, दिनार दोन डॉलर पासष्ट, रियाल दोन डॉलर साठ. मामा विचारायचा, "काय हालचाल?" तुम्ही म्हणायचात, "जरा दम धरा." असे किती रविवार गेले कोण जाणे. शेवटी एकदा मी त्याच्यादेखत ओरडले, "मी काय तुरीचं पोतं हाय का?" मामा चमकला. तुम्ही मात्र वर न बघता म्हणालात, "ताट वाढून घे, भाकरी गार हुती." सात महिने मी तुमच्याशी बोलले नाही. त्या रागात पुस्तकांशिवाय तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून फर्स्ट क्लास मिळाला. तोवर मस्कतवाल्यानं इंडी गावची मुलगी केली, बहरीनवाल्यानं त्याच्या आत्याची. मामा हताश होऊन म्हणाला, "दाजी, भाव काय चढला न्हाय आन् गिऱ्हाईक मातर गेलं." तुम्ही असा सुस्कारा सोडलात की त्यानंच तुमच्या पाठीवरून हात फिरवला.

परवा कॉलेजातून आले ती थेट आईकडं गेले. ती लसूण सोलत होती. म्हटलं, "आई, तो रियाल कधी हलणारच नव्हता." तिनं मान वर केली नाही. "तुला आज कळलं व्हय? ह्यांनी पयल्या दिवशीच सांगितलं हुतं मला. दोनी डॉलरला बांधल्यात, हलायचं न्हाईत, तवर पोरगी शिकून घील. तुला सांगू नको म्हनले. तुज्या पोटात काय ऱ्हातंय? मामाला जाऊन सांगितलं असतंस." मग सव्वीस वर्षं हाच धडा शिकवणाऱ्या बाईकडं तिनं कुठल्या नजरेनं पाहिलं, ते लिहीत नाही. घरी येऊन मी खूप हसले आणि मग रडले. पोरगी आपल्याला लोभी समजते आहे हे रोज समोर दिसत असताना तुम्ही गप्प राहिलात. मला तुमची फार आठवण येते, अण्णा. माफी मागायची आहे, आणि ती मागायची वेळ मी घालवली.

पत्र घालायला तुमचा पत्ता नाही. असता तरी पोस्टात टाकलं नसतं, कारण दर वर्षी बारावीच्या निरोप समारंभात मी पोरींना सांगते की माझ्या वडिलांनी माझं लग्न परकीय चलनावर टाकलं होतं, पण मी ठणकावून नाही म्हटलं. पोरी टाळ्या वाजवतात. खरं तर नाही मी कधीच म्हटलं नाही. बहरीनच्या मुलाचा फोटो मामा फळीवर ठेवून गेला होता, आणि तुम्ही कामावर गेलात की मी तो रोज काढून बघायची. दर रविवारी दिनारच वर असायचा, आणि तरीही तुम्ही त्या मुलाला हो म्हणत नव्हतात. माझा सगळा राग त्याचा होता.