मागच्या खोलीतली हवा

६ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. टेम्पोवाल्याने सामान फाटकाशी उतरवलं आणि भाडं हातात पडताच जो सुसाट निघाला, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. ताई म्हणाली, घरी बायको ओरडत असेल बिचाऱ्याची. मी म्हटलं, मग तो इतक्या घाईने घरी कशाला जाईल.

घर बैठं आहे, सुटसुटीत. पुढच्या खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी, तिथे माझं शिलाई मशीन बसलं. मधे स्वयंपाकघर. मागे सगळ्यात ऐसपैस, सगळ्यात उजेडाची खोली आणि तिच्यात भक्कम लाकडी पलंग. एवढ्याशा भाड्यात असं घर मिळतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मालकीणबाईंना मी दोनदा विचारलं, की हे महिन्याचंच सांगताय ना, आठवड्याचं नाही ना. त्या नुसत्या हसल्या. अट त्यांची एकच, मागची खोली रिकामी ठेवायची नाही, आजपासूनच कुणीतरी एकाने तिथे झोपायचं. बंद ठेवली की खोली खराब होते म्हणे. आम्ही भाड्याच्या खोल्यांत एकावर एक झोपलेल्या बायका, आम्ही कशाला खोली रिकामी ठेवतोय.

त्या खोलीवरून आम्हा बहिणींची जुंपलीच. ताई म्हणे तू नि चिमी झोपा, मला कोपरा पुरे. जन्मभर तिने कोपराच घेतला. आई गेल्यावर मला तिने वाढवलं आणि माझा नवरा सोडून गेल्यावर माझ्या लेकीला, चिमीलाही तिनेच. शेवटी मी तिची वळकटी उचलून पलंगावर टाकली, चिमीला तिच्यावर बसवलं आणि म्हटलं, आता हिला हलवून दाखव. ताई हरली.

हवेबद्दल काय लिहू. ना उकाडा, ना गारठा. बाराही महिने अशीच असते असं ऐकून आले होते, ते खरं दिसतंय. तिकडच्या ओल आलेल्या खोलीत डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की या पोरीची छाती आणखी एक हिवाळा काढणार नाही. आज ती फाटकापासून दारापर्यंत पळत आली आणि तिला धाप लागली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडून घेतलं.

१४ नोव्हेंबर

पाटी लावायच्या आधीच काम आलं. पहिलं गिऱ्हाईक बेकरीवाला. त्याला हवा होता कोट, कापूस भरलेला, दुहेरी अस्तराचा, गळा बंद. इथे लोक पातळ सदऱ्यावर फिरतात आणि याला कोट. मी म्हटलं, भट्टीसमोर उभं राहून घालणार का. तो हसला नाही. कोट त्याचा नव्हताच. ज्याचा आहे त्याला मापाला पाठवा म्हटलं, तर त्यांना येणं जमणार नाही म्हणाला आणि मापाला एक जुना सदरा ठेवून गेला.

मग शाळेतली बाई आली, औषधाचा दुकानदार आला. सगळ्यांना कोटच हवा. एका घराचा एकच, आणि ज्याचा आहे तो माणूस कधी समोर येत नाही. माझं काय जातंय, मी कापूस पिंजून ठेवला आहे. चिमीला दूध-अंडी सुरू केली. तिच्या गालांवर रंग चढतोय आणि ती एका दमात गाढ झोपते. खोकला ऐकू येत नाही म्हणून मलाच दचकून जाग येते.

ताईला मात्र बारीक कणकण आहे. खोलीत गार वाटतं म्हणते. मी जाऊन बसून पाहिलं, मला काही वाटलं नाही. वय झालं तुझं, असं म्हटल्यावर तिने मला चापट मारली. हात चांगलाच गारठलेला होता.

२७ नोव्हेंबर

ताईचे ओठ फुटलेत, नखं निळी पडलीत. अंगावर दोन स्वेटर, वर शाल. शेगडीपाशी बसवलं, उन्हात बसवलं, फरक नाही.

आज सकाळी तिचे केस ओले होते. मला वाटलं न्हायली. पण पाणी ठिबकत होतं आणि उशी कोरडी ठणठणीत. मी पंच्याने पुसत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत केस पुन्हा भिजत होते. ताई सहज बोलून गेली, अगं जरा पाऊस लागला. मग तिलाच कळलं आपण काय बोललो.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या विचारलं, या मागच्या खोलीत झोपतात का. हो म्हटल्यावर बॅग उघडलीच नाही. गरम कपडे घाला म्हणाले, अंगालगत असतील तेवढेच उपयोगाचे, बाकी भिंत, छप्पर, छत्री, शेगडी यांचा काही उपयोग नाही. फी घेतली नाही. फी न घेणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

२ डिसेंबर

बेकरीवाल्याने कोट दुरुस्तीला आणला. मीच शिवलेला, अजून महिनाही झालेला नाही. आतला कापूस भिजून गोळे झालेला, घेराला खालून चिखलाचा थर. या गावात चिखल मी पाहिलेलाच नाही. मी कोट तसाच टाकला आणि शेजारच्या पोस्टातल्या बाईकडे गेले. भली बाई आहे, चिमीचा तिला लळा लागलाय.

तिने चहा ठेवला आणि पाण्याच्या वेळा समजावून सांगाव्यात तसं सगळं सांगितलं. हवा काही नाहीशी होत नाही, म्हणाली. पाऊस पडायचा तो पडतो, थंडी यायची ती येते. इथे ती गावावर येत नाही, दर घरातल्या एका माणसावर येते. मागच्या खोलीत जो आधी झोपी जातो, त्याच्यावर. मग ती त्याची. तो खोलीतून बाहेर आला, दुसरीकडे झोपला, तरी त्याचीच. तो गेला की पुढे जो कुणी त्या पलंगावर पहिल्यांदा डोळा लावेल त्याची. कोट चांगला असेल तर माणूस काही वर्षं काढतो. तिचा दीर काढतोय.

मी विचारलं, खोलीला कुलूप लावलं तर. गल्लीच्या टोकाच्या घरात तसं केलं होतं, म्हणाली. वरची कौलं शाबूत आणि आत सगळी माणसं बुडून मेलेली. लहान पोरंसुद्धा.

मी तिला वाटेल ते बोलले. आल्या दिवशी का नाही सांगितलंस म्हणून ओरडले. तिने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, सांगितलं असतं तर तू घर घेतलं नसतंस का. चिमी तेव्हा बाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती.

५ डिसेंबर

काल ताईला सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो चिमीबद्दल, हिला तर काही होणार नाही ना.

आज निघालो. मीच हट्ट धरला. मिळेल तो टेम्पो केला, मशीनसुद्धा मागे ठेवलं. गावाबाहेरच्या वळणापर्यंत चिमी गाणी म्हणत होती. वळण गेलं, खरा वारा लागला आणि तिचा श्वास अडकला. तीच जुनी शिट्टी छातीतून. ओठ काळेनिळे झाले, डोळे फिरले. आणि ताई शेजारी तशीच कुडकुडत होती. गाव सुटलं तरी तिचं काही सुटलं नव्हतं. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून टेम्पो वळवायला लावला तो ताईनेच.

वळणाच्या अलीकडे आल्यावर चिमीने मोठा श्वास घेतला आणि भूक लागली म्हणाली.

९ डिसेंबर

गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. ताईचा कोट करतेय. तिहेरी अस्तर, आत लोकर, तिच्यावर मेणकापड, कानांवरून येणारी टोपी. एवढं जीव लावून मी कधी काही शिवलं नाही. घालून तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, अस्वल दिसतेय मी. चिमी हसून हसून लोळली.

ताईने पुष्कळ जगावं असं मला वाटतं. ते कुणासाठी वाटतं, हे मी स्वतःला विचारत नाही.

२१ डिसेंबर

आज गारा. जेवता जेवता ताईने डोकं हातांनी झाकलं. कपाळावर टेंगळं उठली, एक फुटलं. मी तिच्या अंगावर पालथी पडले, तिला पूर्ण झाकलं. माझ्या पाठीला काही लागलं नाही. माझ्याखाली ती मार खात राहिली.

ओरडली नाही. चिमी शेजारच्या खोलीत झोपली होती म्हणून.

३ जानेवारी

ताईची दोन बोटं काळी पडलीत. कोट पुरत नाही. वारा शिवणीतून शिरतो म्हणते. मी उसवते, पुन्हा शिवते. खोकला आता तिला लागलाय.

रस्त्यावर सगळे प्रेमाने चौकशी करतात. पाऊस कसा आहे तुमच्याकडे, असं विचारतात. मला त्यांची तोंडं ओरबाडावीशी वाटतात.

८ जानेवारी

ताईशी बोलून ठरलं. तिच्यानंतर मी. पोस्टातली बाई चिमीला सांभाळेल, तसं तिने कबूल केलंय. ताईने हात धरून बजावलं, आधी पोरीला घराबाहेर काढ, मग पलंगावर जा. जागी राहू नकोस, लगेच झोप.

मला म्हणाली, लहानपणी तुला झोपवता झोपवता माझ्या नाकी नऊ यायचे. हसवायला गेली. दोघींनाही हसू आलं नाही.

१२ जानेवारी

ताई गेली. भर दुपारी, स्वयंपाकघरात, माझ्या मांडीवर. पापण्यांवर बर्फ होता. मी बोट लावलं, बोटाला काही लागलं नाही. फुंकर मारली, तो हलला नाही. खिडकीतून ऊन आमच्या दोघींवर पडलं होतं.

१३ जानेवारी

सकाळी तिला पोचवून आलो. चिमीला शेजारी ठेवलं, बाहेर पडायचं नाही म्हणून दटावलं. दार लोटलं. पलंगावर पडले.

झोप येईना. ताईची उशी, तिचा वास. डोळे मिटले की तीच. भीती वाटत होती हे खरं आहे, लिहून टाकते, खूप भीती वाटत होती. पण मी उठले नाही. कूस बदलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, झोप, झोप, असं स्वतःला म्हणत राहिले. बाहेर अजून उजेड होता.

मग पाठीमागे श्वास ऐकू आला. संथ. मोकळा. कुठे शिट्टी नाही, घरघर नाही. ज्या श्वासासाठी मी जीव टाकला, अगदी तो. क्षणभर बरंच वाटलं मला. देवा, क्षणभर मला बरं वाटलं.

आईशिवाय करमेना म्हणून पळून आली होती. माझ्या पाठीला पाठ लावून गाढ झोपली होती. मी हलवलं, ओरडले, उचलून बाहेर नेली.

केस ओले होते.

१४ जानेवारी

डॉक्टर आले. मी पाय धरले. या वेळी बॅग उघडली, छाती तपासली. म्हणाले, छाती स्वच्छ आहे, पोरीला आता काही आजार नाही.

मालकीणबाईंकडे गेले. माझ्यावर घ्या म्हटलं. त्या पलंगावर मी आत्ता झोपते, कितीही झोपते, मला बांधून ठेवा. त्या म्हणाल्या, बाई, तसं होत असतं तर माझी मुलं आज असती.

बाहेर नेलं तर श्वास अडकून जाईल. इथे ठेवलं तर—

१७ जानेवारी

ताईचा कोट कापून चिमीच्या मापाचा केला. अजून एक वर चढवला. चालता येत नाही तिला त्यात. विचारते, आई, तू का नाही भिजत.

काय सांगू—

१९ जानेवारी

वारा आहे तिच्याकडे. मोठ्याने बोलते, वाऱ्यात माणसं बोलतात तशी. माझं तिला नीट ऐकू येत नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडते मी. खोलीत सगळं शांत आहे. शेजारून पोस्टातल्या बाईने येऊन विचारलं, कोण ओरडतंय.

२० जानेवारी

सकाळपासून धुकं म्हणते. पांढरं आहे सगळं म्हणते. डोळे उघडे आहेत, बघते माझ्याकडेच, पण—

मांडीवर घेऊन बसले आहे. डाव्या हातात तिचा हात. उजव्याने लिहिते, नाहीतर मी वेडी होईन. बाहेर ऊन छान पडलंय. मुलं खेळताहेत.

मला हाका मारतेय. आई, कुठे गेलीस. आई. लांबच्या माणसाला मारावी तशी हाक. मी हात दाबते, तिला वाटतं वारा. गालाला गाल लावला, तर रडायला लागली, काहीतरी अंगाला लागतंय म्हणाली. मी आहे ग. मी इथेच आहे, चिमे, ही बघ, मी इथे—