बाजूचा माणूस

३ मे
नातीने नाव काढलं. टिल्ली शाळेच्या शेवटच्या दिवशी वर्गात सांगून आली, की माझे आबा घोडेस्वार आहेत, सुट्टीत परदेशात समुद्रावर घोडा दौडवणार आहेत आणि जूनमध्ये मी फोटो आणून दाखवणार आहे. बाई म्हणाल्या, नक्की आण.

पोर खोटं बोललेली नाही. पुरावा हॉलमध्ये टांगलेला आहे. ऐन तारुण्यात, थंड हवेच्या ठिकाणी, घोड्यावर मी. नजर लांब कुठेतरी.

दुपारी टिल्लीने विचारलं, फोटोच्या कडेला लगामावर ही चार बोटं कोणाची? सांगितलं, बाजूच्या माणसाची. फोटोत मुख्य माणूस उठून दिसला पाहिजे, बाजूचा कापायचा असतो. फ्रेमवाल्याने कापताना घोड्याचं नाकही थोडं नेलं, पण प्रमाण साधलं. तिला पटलं. ही स्वयंपाकघरात उगाचच खोकली.

४ मे
बुकिंग करताना सुनेने विचारलं, बाबा, तुम्हालाही आमच्यासारखं नवशिक्यांत घालू ना? टिल्ली समोर बसलेली. म्हणालो, अनुभवी. सुनेने मुलाकडे पाहिलं, मुलाने पंख्याकडे. असो. वाघ कळपाने हिंडत नाही.

संकल्प : उद्या पहाटेपासून सराव. घोडेस्वारीत मांड पक्की हवी, बाकी सगळं आपोआप येतं.

५ मे, पहाटे साडेआठ
सोफ्याच्या हातावर मांड ठोकली. टिल्लीने मागून उशीचे फटके मारून सोफा पळवायचा प्रयत्न केला. हात निखळला. सोफ्याचा. सुतार म्हणाला, आजोबा, यावर बसत नसतात. सुताराला घोड्यातलं काय कळतंय!

११ मे
सराव बंद. सोफा दुरुस्तीला गेलाय, माझा इलाज नाही.

त्याऐवजी बूट घेतले. गुडघ्यापर्यंत, अस्सल चामडं. किंचित घट्ट आहेत, पण दुकानदार म्हणाला सैल होतील. चढले झकास, उतरेनात. डावा मुलाने ओढला, उजवा सुनेने, मी मध्ये. उजवा निघाला. डावा काही केल्या हलेना. ही म्हणाली, राहू द्या, तसेच झोपा, चादर तेवढी खराब करू नका. सहानुभूती म्हणून नाही या घरात.

२० मे
पोचलो. खोलीतून समुद्र दिसतो. आज वन्यप्राणी.

दुर्बीण लावली आणि पहिल्या झटक्यात सील! वाळूत लोळलेला, काळा, तुकतुकीत. सगळ्यांना बाल्कनीत बोलावलं. सीलच्या सवयी सांगितल्या. तो श्वास कसा रोखून धरतो, तासन् तास कसा हलत नाही, वगैरे. ओहोटी पूर्ण झाल्यावर तो ट्रकचा टायर निघाला. या लोकांना किनारे स्वच्छ ठेवता येत नाहीत.

टिल्ली नंतर म्हणाली की पलीकडच्या खडकावर खरे दोन होते, ती तेच बघत होती, पण मी बोलत होतो म्हणून गप्प बसली. गुणाची पोर.

२१ मे
उद्या स्वारी. कंबर धरल्यासारखी वाटते. अनुभवी माणसाला शरीर आधीच सूचना देतं. जेवताना जाहीर केलं, मी किनाऱ्यावर बसून तुमचं सामान सांभाळेन.

टिल्ली अर्धं ताट तसंच टाकून उठली. थोड्या वेळाने बघतो तर कोपऱ्यात बसून माझे बूट पुसतेय, स्वतःच्या रुमालाने. जीव कालवला. कंबर बरी झाल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं.

ही म्हणाली, अहो, हाडं मोडून घ्याल. मी म्हणालो, पडतो तो घोडेस्वारच नव्हे. तिने बाम चोळून दिला.

२२ मे, सकाळ
अक्षर हलतंय. उत्साह.

२२ मे, दुपार (पालथा पडून)
तपशील लिहून ठेवतो, नाहीतर घरातले भलतंच काही सांगत सुटतील.

तबेल्याची मालकीण मितभाषी. माझे बूट बघून प्रभावित झाली आणि काळा घोडा घेऊन आली. घोडा कसला, माडीच ती. किती वर्षं स्वारी करता, असं विचारलं. म्हणालो, पहिली चाळीस वर्षांपूर्वी केली. शब्द न् शब्द खरा. मग मी चढलो. घोडा अलीकडे राहिला, मी पलीकडे पोचलो. वाळू मऊ होती.

मालकिणीने काळा परत नेला आणि एक म्हातारी, पाटासारखी रुंद घोडी आणली. तिला लांब दोरी बांधली नि दुसरं टोक स्वतः धरलं. वयस्कर घोड्या बुजतात, तेव्हा हे योग्यच.

टिल्लीला तट्टू मिळालं. तिने लगाम धरला काय, टाच मारली काय, आणि दुडक्या चालीने पुढे गेलीसुद्धा! कोणी शिकवलं? रक्तात असावं लागतं.

मी आयाळ धरून डोळे मिटले. घोडीशी मन जुळवायचं तर डोळे मिटावे लागतात. मुलगा ओरडला, बाबा, देवमासा! सून ओरडली, केवढा फवारा! ही ओरडली, अहो, आता तरी डोळे उघडा! मी देवमासा कानांनी टिपला. फार भारदस्त फुसकारा होता. नंतर कळलं, घोडी शिंकली.

परतताना टिल्ली तट्टूवरून उतरली आणि तिने मालकिणीकडून दोरी मागून घेतली. घोडीला पुढे नेताना हळूच म्हणाली, घाबरू नकोस, मी आहे ना. घोडीलाच म्हणाली असणार. सुनेने नेमका तेव्हा फोटो काढला.

६ जून
फोटो छापून आला. वर मी, ताठ (बऱ्यापैकी). पुढे दोरी धरून टिल्ली. जुन्या फ्रेमवाल्याकडे गेलो. तोच म्हणाला, साहेब, ही बाजू उडवली की प्रमाण साधतं, आणि रेघ मारायला पेन्सिल काढली. रेघेच्या पलीकडे टिल्ली.

म्हणालो, खबरदार! प्रमाण गेलं खड्ड्यात, अख्खाच लाव. घरी येऊन हिला सांगितलं. पहिल्यांदाच खोकली नाही. चहा आणून दिला, न मागता.

दुसरी प्रत टिल्लीला दिली. शाळेसाठी.

१० जून
शाळा उघडली. टिल्ली नाचत घरी आली. वर्गाने टाळ्या वाजवल्या, बाईंनी फोटो फळ्याशेजारी लावला होता. म्हटलं, बघू तरी. तिने दप्तरातून काढून दिला.

फोटोत घोडीचं तोंड, अगदी नाकासकट. दोरी. दोरी धरून टिल्ली, नजर लांब कुठेतरी. फोटो तिथेच संपतो. कडेला एक बूट.

विचारलं, अगं, मी कुठाय? तिने मला नीट समजावून सांगितलं, की घोडेस्वार उठून दिसला पाहिजे, म्हणून बाजूचा माणूस कापला. मुलांनी विचारलं होतं, हा बूट कोणाचा. तिने तेच सांगितलं.

ही स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसतेय. अजून थांबलेली नाही.

बुटाला चमक मात्र छान आलीय.