टायरमधली हवा

घरच्या सरकारांना सप्रेम नमस्कार.

मुलाकडे मी खुशाल आहे. तुझी पाठ कशी आहे?

तो शनिवारी चार दिवसांच्या डोंगरी सायकलस्वारीला निघतोय. वाटेत एकही पाटी नाही, नकाशा बघून रस्ता स्वतःच शोधायचा! "बाबा, तुमचं वय कमी असतं तर नेलं असतं," म्हणाला. मी जळून खाक. डोंगरांच्या कविता मला शाळेपासून पाठ आहेत, डोंगर तेवढे राहून गेले.

तुझ्यापासून काय लपवू? काल दुपारी मी त्याच्या दोन्ही टायरांतली हवा सोडली.

त्याने पाहिलं आणि तो हसला. "सोडलीत तुम्ही, आता भराही तुम्हीच." मी धाप लागेपर्यंत पंप मारला.

माझी जुनी सायकल भंगारात देऊ नकोस. आल्यावर तिच्यातही हवा भरायची आहे.

तुझाच,
जळकुकडा म्हातारा