पट्टीबाईंची जिरवायची शिकवणी

४ जानेवारी
ताईकडे मुक्काम. सहज डोकावलो होतो, आता थांबणं भाग आहे. भाची भिंगरी जिन्यावरून पडली. पाय प्लास्टरमध्ये, शाळा बंद. महिनाअखेरीस बाई घरी येऊन गणिताची परीक्षा घेणार. नापास झाली तर पाचवी पुन्हा. बाकावरची मैत्रीण पुढे जाईल म्हणून भिंगरी उशीत तोंड खुपसून रडते. विचारलं, बाई कोण? पट्टीबाई! त्याच! भर वर्गात ‘डोक्यात भुसा’ म्हणून मला नववीत नापास करणाऱ्या! पुढे मी ट्रकवर क्लीनर झालो, तंबू ठोकले, बोटीवर बटाटे सोलले. सगळं त्यांच्यामुळे.
ठरलं. भिंगरीला मीच शिकवणार. पैकीच्या पैकी! मग बाईंचा चेहरा बघायचा.
दाजी म्हणाले, तू शिकवणार असशील तर उद्यापासून मी ऑपरेशनं करतो. (दाजी शिंपी आहेत.) हसू देत. त्यांचाही नंबर लागेल.

५ जानेवारी
टाइमटेबल केलं. चार रंगांत. दिवस त्यातच गेला, पण पाया पक्का हवा. घरी शिकवणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावं : टाइमटेबल भिंतीवर हवं. खिळा ठोकताना भिंतीचा मोठा पोपडा निघाला.

८ जानेवारी
भिंत लिंपून झाली. शिकवणी सुरू. विषय : अपूर्णांक. पुस्तकातून शिकवणं ही पट्टीबाईंची पद्धत. मी जगण्यातून शिकवणार. ब्रेड आणला, कापला. दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश, यावर वाद. तोवर पुरावा मी खाल्ला होता. शेवटी भिंगरीनेच वहीत चौकोन काढून मला समजावलं. मी मान डोलावली. मुद्दाम. मुलांचा आत्मविश्वास वाढतो.

१३ जानेवारी
गुणोत्तरासाठी दाजींचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. चाकं, दाते, सगळं गणितच. जोडल्यावर एक स्क्रू उरला. दाजी ओरडले, घड्याळ उलटं चाललंय! म्हटलं, चालतंय ना?
स्क्रू कुठला ते शोधत होतो तेव्हा भिंगरी मला शेकडेवारी समजावत होती. मला पटेना. तिने पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. वर म्हणाली, मामा, लक्ष कुठे आहे तुझं? थेट पट्टीबाईंचा सूर!

१९ जानेवारी
आज शिकवणीला सुट्टी. भाषणाची तालीम. आधी ‘बाई, ओळखलंत?’ मग जरा थांबायचं. मग एकच शब्द : ‘भुसा!’ आणि पाठ फिरवून चालायला लागायचं. आरशासमोर झकास जमतं. भिंगरीला सांगितलं, पेपर देताना बाईंनाच एक अवघड प्रश्न टाक. ती म्हणाली, परीक्षा माझी आहे ना, मामा? ताई स्वयंपाकघरातून कडाडली, पोरीचं वर्ष पणाला लागलंय, तुझी भांडणं तुझ्यापाशी ठेव!
ताईला दूरदृष्टी नाही.

३० जानेवारी
पट्टीबाई आल्या. केस पांढरे, चष्मा जाड, पट्टी तीच. पेपर तिथेच तपासला. भिंगरी पास! मस्त पास!
मी पुढे झालो. बाई, ओळखलंत? नाही म्हणाल्या. वर्ष सांगितलं, बाक सांगितला. म्हणाल्या, किती मुलं हाताखालून गेली रे, कुणाकुणाला आठवू! मी ‘भुसा’ म्हणालो. त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे सांडलाय?
मग भिंगरीला विचारलं, तुला शिकवलं कुणी? मी छाती पुढे काढली. कार्टी म्हणाली, कुणीच नाही. मीच मामाला शिकवत होते. त्याला काही कळतच नाही, मग पाच-पाच वेळा सांगावं लागतं. सांगून सांगून मलाच पाठ झालं.
बाई खूश. ताईला म्हणाल्या, मी पालकांना हेच सांगते, मुलाला शिकवत बसू नका, त्यालाच कुणाला तरी शिकवायला लावा. पण असा विद्यार्थी घरबसल्या मिळायला नशीब लागतं!
दाजी खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. त्याचा बदला वेगळा.

३१ जानेवारी
बॅग भरली. भिंगरी लंगडत आडवी आली : पुढचा धडा घनफळाचा आहे, मामा, तू गेलास तर माझं कसं होणार? म्हणजे माझ्यावाचून अडतं तर! थांबलो.
संध्याकाळी तिने माझी परीक्षा घेतली. नापास. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, उद्यापासून मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीबरोबर बस. ती तिसरीत आहे. फार हुशार आहे म्हणे.
बघूनच घेतो तिला.