चावी असेल तो आपला

४ जुलै ८८
हाफ डे टाकून शाळेत. सुजूच्या वर्गबाईंनी बोलावलं होतं. पहिलीचा वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले, पोरगी हजेरीला 'हजर' म्हणत नाही. पाटीवर सगळं बरोबर लिहिते, तोंडात मात्र मूग. बाई चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. विचारलं, "ऐकू येतं ना तिला नीट?" मला राग आला. घरी हिच्या तोंडाचा पट्टा थांबवता थांबवता नाकी नऊ येतात! सहामाहीत तोंडी परीक्षा आहे. तिथेही गप्प बसली तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिली, असं बाई म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच.
कमलला सांगितलं. 

१० जुलै, रवि.
कमलचा भाऊ आला, बदलापूरहून. सुजूला म्हटलं, मामाला जयभीम घाल. ती थेट कॉटखाली. ओढून काढली तर अंग ताठ, ओठ बंद. मामा म्हणाला, "दाजी, पोरगी मुकी हाय का काय?" हसण्यावारी नेलं.
तो गेल्यावर कमल म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत हे." मी भडकलो. भांडण. मटण तसंच राहिलं.

११ जुलै
कमलचं बोलणं डोक्यातून जात नाही. लिहूनच काढतो.
गेल्या वर्षी आई, सुजूची आजी, कायमची गावी गेली. कमल दुपारी एकला निघते, कल्याणला हॉस्पिटलात ड्यूटी. मी फर्स्ट शिफ्ट करून अंबरनाथहून चारला घरी. सकाळची शाळा सुटली की मधले तीन तास सुजू एकटी. त्यात मागच्या गल्लीत भरदुपारी चोर घुसले. मग काय करणार होतो? लॅच बसवलं. दोन चाव्या, एक माझी, एक कमलची. सुजूला नियम घालून दिला: दार वाजलं की गप्प, श्वाससुद्धा हळू. चावी असेल तो आपला, बाकी कुणी नाही.
आणि खेळ म्हणून परीक्षा. आवाज बदलून दार ठोकायचो. पोस्टमन! गॅसवाला! गप्प राहिली की लिमलेटची गोळी. शेवटी तर माझ्याच आवाजात, "सुजू, बाबा आलाय, उघड." नाही उघडलं. बाबाचा आवाजही कुणी काढेल, हे मीच सांगितलेलं. केवढा अभिमान! कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

१४ जुलै
चारला आलो तर सुजूने बाहुलीला मोरीत कोंडलेलं, बाहेरून टकटक चाललेली. माझा आवाज काढून, "पोस्टमन!" मग दार उघडून, "शाब्बास." मला बघून हसली. मीही हसलो. मग बाहुली मोरीतून उचलून कॉटवर ठेवली.

१९ जुलै
चावी कारखान्याच्या लॉकरमध्ये राहिली. दार वाजवलं, हाक मारली. आत चिडीचूप. "सुजू, परीक्षा नाही गं, खरा बाबा आहे." हेही पूर्वी एकदा परीक्षेतच म्हणून झालंय...
शेजारच्या मोहिनी आंटी बाहेर आल्या. "अरे भाऊ, बच्ची को कुछ हो तो नहीं गया?"  खाली वाकून फटीतून पाहिलं. दाराआड दोन छोटे पाय, नुसते उभे. परत अंबरनाथ, परत बस. सहाला दार उघडलं. सुजू घामाघूम, पण डोळे चमकत होते.
"मी जिंकले ना?"
गोळी दिली. दुसरं काय करणार?

२२ जुलै
जवळ घेऊन विचारलं, बाईंशी का नाही बोलत? भीती वाटते?
"नाही."
"मग?"
"बाईंकडे चावी कुठाय?"
म्हणजे वर्षभर हिच्या जगात माणसं दोनच. करायला गेलो एक. स्वतःची लाज वाटली आज.

२७ जुलै
बाजारातून तिसरी चावी बनवून आणली. लाल दोरीत ओवून सुजूच्या गळ्यात घातली. सांगितलं, ही तुझी. तुला जो आपला वाटेल त्याला द्यायची. बाईंना दे, आंटीला दे, मामाला दे. कमल म्हणाली, "सहा वर्षांच्या पोरीला घराची चावी? डोकं ठिकाणावर आहे का?"
मला वाटतं बाईंनाच देईल. मग बोलेलही.

२ ऑगस्ट
कमल शाळेत विचारून आली. 'हजर' अजून नाही. चावी गळ्यातच. रोज घरी आलो की आधी तिचा गळा बघतो. चावी दिसली की वाईट वाटतं, आणि हायसंही.

५ ऑगस्ट
गळ्यात दोरी नाही!
"चावी कुठाय?"
"दिली."
"बाईंना?" मान हलवली, नाही. "आंटीला?" नाही.
"वर्गातल्या मुलीला. आम्ही सुट्टीत खूप बोललो."
खूप बोललो, म्हणाली. माझी सुजू.
"नाव काय तिचं? राहते कुठे?"
माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. माझीच शिकवण. मग हळूच, "ती आपली आहे, बाबा."
आनंदाने उचलली तिला. पण लगेच खाली ठेवली. उद्या दुपारी ही आत एकटी, आणि घराची चावी उल्हासनगरात कुणाच्या तरी दप्तरात. त्या मुलीच्या घरी कोण कोण असेल? बाप काय करतो? मोठा भाऊ असला तर? कमल ड्यूटीवर, विचारू कुणाला?
लॅचचं दुकान आठपर्यंत उघडं असतं. बदललं, की त्या मुलीची चावी लागणार नाही. ती बाहेर खटपट करत राहील, आणि आत सुजू ऐकेल.
सात वाजून गेलेत. चपला घालून हे लिहितोय. सुजूने दोनदा विचारलं, "बाबा, कुठे चाललात?"